तुम्ही विचारलंत म्हणून: इंजिन हाफ करायचं का फुल?

महिन्यातून दोनदा तरी कोणीतरी जुनी येझदी नाहीतर जावा घेऊन दारात येतं, स्टँडला लावून थ्रॉटल पिळतं आणि माझ्या तोंडाकडं बघतं. "ऐका की. रॉड बोलतोय न्हवं? हाफ इंजिनात भागंल का फुल करावं लागंल?" मी मेकॅनिक नाही हो, कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत इन्स्पेक्शनला आहे, पण काकांची १९८२ची येझदी सांभाळताना जे शिकलो ते लोकांना कळलंय म्हणून विचारतात. तर एकदाच सगळं लिहून टाकतो.

हाफ म्हणजे ब्लॉक, पिस्टन, रिंगा. फुल म्हणजे इंजिनची केस फोडून क्रँक, म्हणजे पिस्टनच्या वर-खालीनं फिरणारा शाफ्ट, बाहेर. रॉड म्हणजे पिस्टन आणि क्रँक जोडणारा दांडा. आणि माझं उत्तर दरवेळी तेच असतं, की आवाजावरून फुल इंजिन करू नका.

कारण असल्या टू स्ट्रोकमध्ये, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणाऱ्या इंजिनात, सगळंच खडखडतं. थंड इंजिनला टकटक आणि गरम झाल्यावर कमी, तो बहुतेक पिस्टन. क्लचकडची प्रायमरी चेन (क्रँकवरून क्लच फिरवणारी) लांबली की स्लोला, म्हणजे थ्रॉटल सोडून इंजिन नुसतं चालू असताना, असा काही आवाज येतो की माणूस घाबरून गाडी विकायला काढेल. रॉडच्या खालच्या बेअरिंगचा ठोका जड असतो आणि लोडवर वाढतो, पन्हाळ्याचा चढ टॉप गिअरला घेतला की कळतो. मेन बेअरिंग, ज्यावर क्रँक फिरतो, ते घरघरतं, ते कानापेक्षा फूटरेस्टवर पायाला आधी जाणवतं. आता हे लिहायला सोपं आहे, पण डबलसीट बसून, सायलेन्सर ढिला असताना यातलं काय ऐकू येतंय ते तुम्हीच सांगा.

म्हणून हात लावायचा. आधी फुकटची तपासणी. येझदीचा डायनामो क्रँकच्या उजव्या टोकावरच बसतो आणि पॉइंट (स्पार्क पाडणारा संपर्क) उघडणारा कॅमही तिथंच, सो कव्हर काढून आर्मेचर (डायनामोचा फिरणारा भाग) वर-खाली हलवून बघा. ते हललं आणि पॉइंटचा गॅप हलवताना कमी-जास्त झाला तर मेन बेअरिंगमध्ये प्ले (ढिलेपणा) आहे, कितीही वेळा गॅप ०.४ मिमीला सेट करा, टायमिंग जागेवर राहणार नाही. पांढरा धूर भरपूर येतोय आणि गिअर ऑइल कमी होतंय? मग क्लच बाजूचं ऑइल सील गेलंय, इंजिन गिअर ऑइल पितंय. डायनामो बाजूचं सील गेलं की बाहेरची हवा ओढली जाते आणि स्लो रेस कधी एका जागी थांबत नाही. केस फोडावी लागली तरी सीलचं काम वेगळं, रॉडचं वेगळं.

एवढ्यावर भागलं नाही तर हेड आणि ब्लॉक काढा. रॉड पेट्रोलनं धुवा, हे विसरू नका, ऑइलच्या थराखाली प्ले लपतो. क्रँकपिन (रॉडचं खालचं टोक जिच्यावर बसतं ती) वर आणून दोन्ही हातांनी रॉड सरळ वर ओढा, खाली दाबा. "टक" असं जाणवलं तर फुल. डावी-उजवीकडं थोडा सरकतो, तो सरकायलाच पाहिजे, त्याला बघून घाबरणारे लई भेटलेत.

आणि मी स्वतः हे काही केलं नव्हतं! एका वर्कशॉपमध्ये स्लोची खडखड ऐकवली, त्यांनी "रॉड गेला" म्हटलं, मी मान डोलावली. नवीन रॉड किट पडलं, पिन, बेअरिंग सगळं. पाचसहाशे किलोमीटरमध्ये हँडलला मुंग्या यायला लागल्या, पॉइंट लागेनात, आणि खडखड होती तशीच.

मग शिवाजी उद्यमनगरात एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडं गेलो. त्यांनी क्रँक काढला, लेथवर दोन सेंटरमध्ये धरला, दोन्ही बाजूंच्या शाफ्टला डायल गेज लावला आणि हातानं फिरवला. काटा ०.१८ मिमी फिरला. मिस्त्री माझ्याकडं बघून म्हणाले, "साहेब, दिसभर दुसऱ्याची कास्टिंगं रिजेक्ट करताय, आणि स्वतःचं इंजिन न मोजताच बांधून घेतलासा व्हय?"

गोम अशी आहे की हा क्रँक अखंड नसतो. दोन वेब (जाड चकत्या), मध्ये पिन, सगळं प्रेसमध्ये दाबून बसवलेलं. पिन दाबताना एक वेब दुसऱ्याच्या मानानं केसभर जरी पिळला तरी दोन्ही बाजूंचे शाफ्ट एका रेषेत राहत नाहीत, मग तो क्रँक प्रत्येक फेऱ्याला बेअरिंग वाकडं रगडत फिरतो. मिस्त्रींनी खडूनं उंच जागा खुणावली, तांब्याच्या हातोड्यानं एक ठोका, पुन्हा डायल, पुन्हा ठोका. वेब आवळले असतील तर मध्ये पाचर घालून उघडायचे. दुपारचा चहा होईपर्यंत काटा ०.०२ वर आला. आणि हो, वेबचं भोकच मोठं झालं असेल तर ओव्हरसाइज पिन टाकायची, वेल्डिंगनं चिकटवून देतो म्हणणाऱ्याकडून क्रँक उचलून घरी या.

क्रँक जातो कशानं तेही विचारता. खालच्या बेअरिंगला पेट्रोलमधल्या ऑइलशिवाय दुसरं काही मिळत नाही, मी लिटरला ४० मिली घालतो. पन्हाळा उतरताना थ्रॉटल पूर्ण बंद करून गिअरवर गाडी सोडली की पेट्रोल जवळजवळ बंद, म्हणजे ऑइलही जवळजवळ बंद, आणि इंजिन मात्र फिरतंय. अधूनमधून थोडा थ्रॉटल द्या. आणि वर्षानुवर्षं गोठ्यात उभी राहिलेली गाडी असेल तर आत दमटपणानं रोलर गंजतात, ती चालू व्हायच्या आधी उघडलेली बरी.

खर्चाचं मला विचारू नका, किटचा दर दुकानागणिक वेगळा आहे.

क्रँक बसवल्यावर मुंग्या गेल्या, पॉइंट जागेवर. स्लोची खडखड? होती की. मिस्त्रींनी क्लच कव्हर उघडलं, प्रायमरी चेन बोटानं उचलून दाखवली आणि काही बोलले नाहीत. जुनी पिन मी नंतर कंपनीत नेऊन मायक्रोमीटरखाली धरली, तीन जागी मोजली. झीज सापडली नाही. आता ती माझ्या टेबलावर पेपरवेट आहे.