रंगीत लाकूडठसा आधी कोणाचा?

छापचित्रे करणाऱ्या माणसाला हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, युरोपात रंगीत लाकूडठशाची, म्हणजे लाकडात कोरलेल्या ठशांनी रंगीत चित्र छापण्याची, सुरुवात इटलीच्या ऊगो दा कार्पी या ठसेकारानेच केली ना? तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहितो. १५१६ साली ऊगोने व्हेनिसच्या सिनेटकडे विशेषाधिकार मागताना आपली छायाप्रकाशाची छपाई (एकाच चित्रासाठी अनेक ठसे वापरून उजेड-सावली दाखवण्याची रीत) सर्वस्वी नवी असल्याचे सांगितले आणि पुढे कलावंतांची चरित्रे लिहिणाऱ्या वासारीनेही श्रेय त्याच्याच पदरात टाकले. मला मात्र ते मान्य नाही.

आल्प्सच्या उत्तरेस, जर्मन प्रदेशात, हे काम ऊगोच्या आधीच सुरू झाले होते, तेही दरबारी चढाओढीतून. विटेनबर्गला सॅक्सनीचा राजा-निवडक (इलेक्टर) फ्रेडरिक द वाइज याच्या पदरी असलेल्या लुकास क्रानाख या चित्रकाराने १५०७ च्या सुमारास निळ्या रंगाचा हात दिलेल्या कागदावर संत जॉर्ज काळ्या रेषेत छापला आणि दुसऱ्या ठशाने त्यावर सोनेरी उजेड चढवला. फ्रेडरिकने असे सोन्याचांदीत छापलेले घोडेस्वार आउग्सबुर्गच्या कोनराड पॉइटिंगर या विद्वानाला पाठवले, आणि त्याच्या पुढाकाराने १५०८ मध्ये हान्स बुर्गक्मायर या चित्रकाराने आपला संत जॉर्ज व घोड्यावर स्वार झालेला सम्राट मॅक्सिमिलियन छापून त्याला उत्तर दिले.

खरी झेप त्यानंतरची आहे. कागद हाताने रंगवण्याऐवजी रंगही ठशानेच छापायचा आणि उजेड हवा तिथले लाकूड कोरून काढायचे, म्हणजे कागदाचा पांढरेपणा आपोआप उरतो. ही रीत पूर्णत्वाला नेण्यात बुर्गक्मायरचे ठसे कोरणाऱ्या योस्ट दे नेगकरचा वाटा फार मोठा आहे, आणि कोरणाऱ्याचे नाव नेहमी मागे राहते याचे मला वाईट वाटते. १५१० च्या त्यांच्या चित्रात पंख असलेला मृत्यू खाली पडलेल्या तरुणावर चढून बसला आहे आणि पळणाऱ्या स्त्रीचे वस्त्र त्याने दातांत धरले आहे. त्यातला केवळ रेषांचा ठसा वेगळा छापला तर चित्र अर्धवट दिसते. आकार पुरे होतात ते तिन्ही ठसे एकमेकांवर अचूक बसल्यावरच. एका ठशाची जागा केसभर सरकली तरी चेहरा बिघडतो, हे ज्याने स्वतः छापून पाहिले आहे त्यालाच कळेल.

ऊगोची थोरवी वेगळी आहे. इटालियन चित्रकार पार्मिजानीनोच्या रेखाटनावरून १५२७ च्या सुमारास चार ठशांत छापलेल्या त्याच्या डायोजेनीस या ग्रीक तत्त्वज्ञाच्या चित्रात रंगाचे सपाट पट्टेच शरीर घडवतात, आणि तितक्या मोकळेपणाने उत्तरेत तोवर कोणी छापले नव्हते.