पिनकोडचा सातवा आकडा आणि क्योतोतले चार तास

व्हिसा वेळेत आला, विमान वेळेत सुटलं, हॉटेलही चांगलं निघालं. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. आमचं घोडं पेंड खात बसलं ते जपानच्या क्योतो शहरात चार तासांसाठी एक गाईड ठरवताना. फॉर्म भरल्यापासून होकार येईपर्यंत अठरा दिवस गेले. सहल होऊन आता बरेच दिवस झाले, पण त्या अठरा दिवसांचा राग अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहिते आहे. म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन जाणाऱ्या कुणाचे तरी निदान दहा दिवस वाचावेत.

आधी आईबद्दल सांगायला हवं. आई साताऱ्याच्या शाळेत बत्तीस वर्षं संस्कृत शिकवत होती. आता वय ७१, दोन्ही गुडघे दुखतात. तिला जपानमधलं एकच ठिकाण बघायचं होतं, क्योतोतलं सान्जूसान्गेन्दो. १२० मीटर लांब लाकडी सभागृह, आत कान्नोनच्या, म्हणजे आपल्या अवलोकितेश्वर बोधिसत्त्वाच्या, १००१ मूर्ती आणि त्यांच्यापुढे रक्षक म्हणून उभ्या २८ देवता. या अठ्ठावीस जणांत इंद्र आहे, ब्रह्मा आहे, नारायण, गरुड, किन्नर आहेत, वसु नावाचे एक ऋषीही आहेत. आईने ही नावं एका वहीत लिहून ठेवली होती आणि प्रत्येकापुढे जपानी नावासाठी जागा मोकळी सोडली होती. ती वही भरून देणारा माणूस मला हवा होता.

माझा बेत साधा होता. सकाळी सान्जूसान्गेन्दो, तिथून चढाचा मोठा भाग टॅक्सीने पार करून कियोमिझु देऊळ, मग सान्नेन्झाका आणि निनेन्झाका या जुन्या गल्ल्यांतून उतरत यासाका देवस्थान. उतार, सावली, मध्ये बसायला जागा. नकाशावर बोट ठेवून मी हा रस्ता ठरवला तेव्हा मला वाटलं, आता फक्त गाईड सांगायचा उरला.

एका कंपनीचा फॉर्म २४ एप्रिलला उघडला. पहिल्याच रकान्यात नाव हवं होतं ते काताकाना लिपीत. जपानी लोक परक्या शब्दांसाठी ही लिपी वापरतात. आमच्या आडनावात ‘ळ’ आहे. जपानीत र, ल आणि ळ या तिघांना मिळून एकच अक्षर. ते शोधून टाकलं तर लाल अक्षरांत सूचना आली, अक्षरं पूर्ण रुंदीची हवीत. तिथे एकाच अक्षराची अर्ध्या रुंदीची आणि पूर्ण रुंदीची अशी दोन रूपं असतात, हे मला त्या रात्री कळलं. फोनमध्ये जपानी कळफलक सुरू करून टाइप केलं की पूर्ण रुंदीची अक्षरं येतात. कुठून तरी उचलून चिकटवलेली चालतीलच असं नाही.

मग पत्ता. पिनकोड सात आकडी मागत होते. आपला सहा आकडी. पुढे शून्य लावून पाहिलं, मागे शून्य लावून पाहिलं, फॉर्म पुढे सरकेना. फोन नंबरही जपानचाच हवा. शेवटी क्योतोतल्या हॉटेलचा पिनकोड आणि हॉटेलचाच फोन घातला, तेव्हा पान उलटलं. तोवर रात्रीचा एक वाजला होता, आणि मधेच पानाची मुदत संपल्यामुळे सगळं दोनदा भरावं लागलं होतं. तेव्हा आधी सगळी माहिती वेगळ्या कागदावर लिहून घ्या आणि मग फॉर्म उघडा.

पुढच्या पानावर ठिकाणांची यादी आणि प्रत्येकापुढे चौकोन. त्यात सान्जूसान्गेन्दो नव्हतं. ‘इतर विनंती’ नावाच्या रकान्यात मी ते लिहिलं, रस्ता लिहिला, आईचं वय लिहिलं, आणि तिला मासे चालत नाहीत, सुक्या माशाचं पाणीसुद्धा चालत नाही, हे लिहिलं.

२८ एप्रिलला बेत आला. फुशिमी इनारी देवस्थान, किन्काकुजी हे सोनेरी देऊळ, आराशियामाचं बांबूचं बन, शेवटी गिओनची जुनी वस्ती. आठ तास. क्योतोचा नकाशा समोर धरा. फुशिमी इनारी शहराच्या दक्षिणेला, किन्काकुजी वायव्येला, आराशियामा पार पश्चिमेच्या डोंगराशी. यात चालण्यापेक्षा बस आणि गाडीच जास्त. सान्जूसान्गेन्दोचं नाव कुठेही नव्हतं. फुशिमी इनारीला तर डोंगर चढावा लागतो, हजारो लाल कमानींखालून, पायऱ्यांनी. ७१ वर्षांच्या, गुडघे दुखणाऱ्या बाईला.

मी त्याच संध्याकाळी नम्रपणे उत्तर दिलं. उत्तराला उत्तर नाही. दुसऱ्या दिवसापासून जपानचा ‘गोल्डन वीक’ लागला होता. २९ एप्रिल, ३, ४ आणि ५ मे या सरकारी सुट्ट्या जवळजवळ येतात आणि मधले दिवस जोडून बरीच कार्यालयं बंद असतात. या कंपनीने २९ एप्रिल ते ६ मे बंदच ठेवलं. यात त्यांची चूक नाही, सुट्टी सगळ्यांनाच हवी. पण फॉर्मवर एक ओळ लिहिली असती तर मी आठ दिवस रोज पहाटे उठून मेल तपासली नसती. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. तिथलं नऊचं कार्यालय आपल्याकडे पहाटे साडेपाचला उघडतं. मेमध्ये जायचं असेल तर मार्च संपायच्या आत गाईड ठरवा, हा सगळ्यात महत्त्वाचा सल्ला, आणि मला तो सगळ्यात उशिरा कळला.

७ मेला दुसरा बेत आला. तीच चार ठिकाणं, फक्त क्रम उलटा. सोबत एक वाक्य होतं, हा बेत बहुतेक पाहुण्यांना आवडतो. हे वाचून मला रडू आलं. बहुतेक पाहुण्यांबद्दल मी विचारलंच नव्हतं. आईने शेजारून वाचलं आणि म्हणाली, “राहू दे गं, आपण जाऊ आपलेआपण. नाहीतरी देव काही पळून जात नाहीत.” तिने असं म्हटल्यावर मला ते राहू देणं शक्यच नव्हतं.

मी तिसऱ्यांदा लिहिलं. ९ तारखेला पैसे भरायचा दुवा आला, चोवीस तासांची मुदत, आणि रक्कम आठ तासांची. ती चूक दुरुस्त करायला सांगायच्या आधी निदान जागा अडवून ठेवावी म्हणून भरायला गेले तर कार्ड नाकारलं. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे कार्डावरचे परदेशी व्यवहार मुळात बंद असतात, ते बँकेच्या ॲपमध्ये जाऊन आपण सुरू करायचे असतात. जायच्या आठवडाभर आधी मी ते करणारच होते, इतक्या लवकर लागेल हे डोक्यात नव्हतं. तुम्ही फॉर्म भरायच्या दिवशीच करून टाका. माझं होईपर्यंत शनिवार उजाडला, दुवा संपला, कार्यालय बंद.

१२ तारखेला, सोमवारी, पहाटे साडेपाचला मी सरळ फोन लावला. हे मी पहिल्याच आठवड्यात करायला हवं होतं. पलीकडच्या मुलीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि जे सांगितलं ते ऐकून मी गप्पच झाले. ‘इतर विनंती’चा रकाना बेत बनवताना वाचला जातोच असं नाही. पण खाली ‘प्रकृतीच्या अडचणी’ असा एक रकाना आहे, तिथे काहीही लिहिलं की तो फॉर्म एका माणसाच्या हातात जातो. मी तो रकाना रिकामा ठेवला होता, कारण आईला कुठला आजार नाही. त्या मुलीने स्वतः तिथे लिहिलं, गुडघेदुखी, चढ नको, फक्त सान्जूसान्गेन्दो ते यासाका. दहा मिनिटांत फोन संपला. दुपारी चार तासांचा बेत आला, माझ्याच रस्त्याचा. २८,००० येन, म्हणजे साधारण १६,००० रुपये.

एवढ्या पैशांत वेगळा गाईड कशाला, असं घरी काहींनी विचारलं. जपानमध्ये जुन्या शहरांत परदेशी पाहुण्यांना फुकट फिरवणारे स्वयंसेवकही असतात. त्यांचा प्रवासखर्च, प्रवेशशुल्क आणि जेवण आपण द्यायचं. तोही चांगला मार्ग आहे. पण मला परवानाधारक माणूस हवा होता. तिथे २०१८ पासून परवाना नसतानाही पैसे घेऊन गाईडचं काम करता येतं, मात्र राष्ट्रीय परवान्यासाठी भाषा, इतिहास, भूगोल अशा विषयांची परीक्षा द्यावी लागते. त्यामुळे ठरवताना परवान्याचं स्पष्ट विचारा.

भेटायची जागा हॉटेलच ठेवा. क्योतो स्टेशनला उत्तरेला, दक्षिणेला, जमिनीखाली, शिन्कान्सेनची, म्हणजे बुलेट ट्रेनची, वेगळी अशी इतकी दारं आहेत की ‘मधल्या दाराशी भेटू’ याला काही अर्थ राहत नाही.

आमच्या गाईड बाई साठीच्या आसपासच्या, दिलेल्या वेळेआधी दहा मिनिटं हजर. गळ्यात परवाना, हातात एक कागद. त्या कागदावर त्यांनी अठ्ठावीस देवतांची जपानी नावं आणि रोमन अक्षरांत उच्चार लिहून आणले होते. आईने आपली वही उघडून त्यांच्यापुढे धरली. दोघी हॉटेलच्या दालनातच खाली मान घालून वाचायला लागल्या. माझा जीव तिथे भांड्यात पडला.

सान्जूसान्गेन्दो हिवाळा सोडला तर साडेआठला उघडतं, पहिल्या गर्दीच्या आधी गेलं की आत खरोखर शांतता असते. चपला बाहेर काढायच्या. लाकडी जमीन सकाळी गार लागते, जाड मोजे घाला. फोटो काढायला मनाई आहे, आणि ते फार बरं आहे, सगळे नुसते बघत असतात. देऊळ मूळचं ११६४ सालचं, आगीत गेलं, आजची इमारत १२६६ ची. ‘सान्जूसान’ म्हणजे तेहतीस, खांबांमधल्या तेहतीस गाळ्यांवरून हे नाव पडलं. सोनेरी मूर्ती पायऱ्यापायऱ्यांनी मागे चढत जातात, प्रत्येकीला अकरा मुखं. मधली मोठी बैठी मूर्ती तान्केई नावाच्या शिल्पकाराची, १२५४ सालची, तेव्हा तो ऐंशीच्या पुढे होता. हे ऐकून आई म्हणाली, “बघ, ऐंशीच्या पुढे!”

मग ती एकेका देवतेपुढे थांबत गेली. नारायण तिथे ‘नाराएन’. गरुड ‘कारुरा’, चोचीचा, पंखांचा, आणि बासरी वाजवणारा. बासरी बघून आई हसली, “ही याच्याकडे कशी आली?” इंद्र ‘ताइशाकुतेन’, ब्रह्मा ‘बोन्तेन’. गाईड बाईंनी सांगितलं की या मूर्तींच्या जागा आणि काहींची नावं जुन्या चित्रांच्या आधारे २०१८ मध्ये बदलली, म्हणून जुन्या पुस्तकांशी ताळा जमत नाही. आईने वहीत लगेच दोन ठिकाणी खोडलं. वसु ऋषींपुढे ती सगळ्यात जास्त उभी राहिली. हाडं मोजता येतील असा म्हातारा, हातात काठी, डोळे स्फटिकाचे, त्यामुळे उजेडात ओले दिसतात. आई काही बोलली नाही. मी पाण्याची बाटली पुढे केली तर तिने हातानेच थांब म्हणून खूण केली. आम्ही आत पन्नास मिनिटं होतो आणि गाईड बाईंनी एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. बहुतेक पाहुण्यांच्या बेतात ही पन्नास मिनिटं कुठून आली असती?

कियोमिझुला गर्दी होती. १६३३ च्या त्या प्रचंड लाकडी सज्जावर आई दहा मिनिटं टेकली, दरीतली हिरवी झाडं बघितली आणि आम्ही निघालो. सान्नेन्झाकाच्या दगडी पायऱ्यांवर पडलं तर तीन वर्षांत मरण येतं अशी तिथे समजूत आहे. गाईड बाईंनी ते सांगायच्या आधीच आईचा हात धरला होता. पायऱ्या ओल्या असतील तर खरंच जपा.

जेवणाचं राहिलं. जपानी स्वयंपाकात जवळजवळ सगळ्या रश्श्यांत ‘दाशी’ असते, आणि ती बहुधा सुक्या माशाची. भाजीची दिसणारी वाटीसुद्धा विचारल्याशिवाय उचलू नका. बौद्ध मठांतलं ‘शोजिन र्‍योरी’ मागा. त्यात मांसमासे नसतात, कांदा-लसूणही नसतो, दाशी समुद्री शेवाळाची किंवा अळंब्यांची असते. आधी सांगून ठेवावं लागतं. गाईड बाईंनी आदल्या दिवशी स्वतः फोन करून आमची जागा ठेवली होती. देवळांसाठी रोख येन जवळ असू द्या. आणि गाईडला बक्षिसी देऊ नका, तिथे तशी पद्धत नाही. आम्ही घरच्या करंज्या दिल्या, त्यांनी दोन्ही हातांनी घेतल्या.

शेवटी यासाका देवस्थान. याचं जुनं नाव गिओन. गिओन म्हणजे काय, हे गाईड बाईंनी सांगायला सुरुवात केली, गी म्हणजे जेत, ओन म्हणजे बाग, आणि आई ताडकन उभी राहिली. “जेतवन! श्रावस्तीचं जेतवन!” मग पुढचं आईनेच सांगितलं आणि मी इंग्रजीत केलं. अनाथपिंडिक नावाच्या धनाढ्य व्यापाऱ्याने बुद्धासाठी ती बाग मागितली, जेत राजपुत्र म्हणाला, जमिनीवर नाणी अंथर आणि घे, आणि त्याने खरंच अंथरली. गाईड बाईंना गोष्ट ठाऊक होती, पण सगळी नावं मूळ उच्चारांत पुन्हा म्हणायला लावून त्यांनी ती आपल्या टिपणवहीत लिहून घेतली.

लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, तुमच्या आडनावाचा खरा उच्चार कसा? फॉर्मवर नीट कळला नाही. आईने देवळाच्या पायरीवर बसून जीभ मागे वळवून दाखवली. ळ. त्यांनी म्हटलं, तो र झाला. पुन्हा म्हटलं, ल झाला. आईने त्यांच्याकडे साताऱ्याच्या वर्गातल्यासारखं बघत मान हलवली आणि परत म्हणून दाखवलं. तिसऱ्या वेळी ळ आला, स्वच्छ, आणि आई म्हणाली, “हां. आता लिहा.”