बाहेरकाठ्याचा कागद

किनारा क्षेत्र व्यवस्थापन आराखड्याचा मसुदा घेऊन आम्ही पेणच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या भातपट्ट्यात, गेलो होतो. जनसुनावणीआधी गावोगाव नकाशे समजावून सांगणं हे माझं काम. शाळेच्या बाकांवर 1:4000 चे कागद पसरले. एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे 40 मीटर, पण लोक आधी आपला गट नंबर शोधतात.

एका आजोबांना त्यांचा सापडला, तो सीआरझेड-1अ मध्ये, किनारा नियमन क्षेत्राच्या सर्वांत कडक वर्गात. म्हणजे कांदळवन, हात लावायचा नाही.

“भाताची जमीन हाय ती.”

होती. उधाणात खाडीकडचा बांध, म्हणजे बाहेरकाठा, फुटून त्याला खांड गेली, ती वेळेत बुजवली नाही, आणि काही पावसाळ्यांत शेतात तिवरं, म्हणजे कांदळवनाची झाडं, उभी राहिली. खांड कुणी बुजवायची होती, यावर तिथे जे बोलणं झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आजोबांनी पिशवीतून 1989 च्या पंचनाम्याची प्रत काढली. त्यात बाहेरकाठा आणि उघाडी (बांधातलं पाणी सोडायचं दार), दोन्हींचा उल्लेख! मी खूश. 2019 च्या सीआरझेड अधिसूचनेनुसार 19 फेब्रुवारी 1991 पूर्वीचा बांध किंवा उघाडी असेल तर भरतीरेषा, म्हणजे भरतीचं पाणी पोचतं ती हद्द, तिथेच थांबते. मसुद्यात ती खांडीतून थेट शेतांत शिरली होती.

पण पुढचं वाक्यही सांगावं लागलं. बांधाच्या आत खारं पाणी येऊन कांदळवन वाढलं असेल, तर तेवढं क्षेत्र, कितीही लहान असो, 1अ मध्येच राहतं.

“म्हंजे माजा कागद मलाच उपेगाचा नाय?”

नाही. मला ते कलम चूक वाटत नाही. कांदळवन उधाणाचा जोर मोडतं, निवट्या-कोळंबीला आसरा देतं. पण ते कुणाच्या सातबाऱ्यावर उगवलं, याचा हिशोब आराखड्यात कुठेच नाही.

कागद उपयोगी होता तो मागच्या शेतांना, जिथे तिवरं पोचली नव्हती. रेषा बांधावर गेली की खाडीकाठचा सीआरझेड पट्टा तिथून 50 मीटर किंवा खाडीच्या रुंदीइतका, त्यातला जो कमी तो. बरेच गट सुटणार होते. त्यांतले काही आजोबांच्या भावकीचे, आणि भावकीशी कित्येक वर्षं अबोला.

आजोबा थोडा वेळ नकाशा बघत राहिले. मग नातवाला झेरॉक्स काढायला पिटाळलं आणि मला बजावलं, “हरकतीवर पयलं नाव माजा टाका.”

टाकलं. भावकीतले दोघे खाली सही करून गेले, बोलले नाहीत.

“आनि खांडीचा काय?”

हरकतीच्या नमुन्यात त्याला रकाना नव्हता. मी ते ‘इतर’ खाली लिहिलं.