तात्यांचा वस्तरा माहेरी नेला

विमानात वस्तरा जवळ बाळगता येत नाही, म्हणून तो लोकरीच्या मोज्यात गुंडाळून मोठ्या बॅगेच्या तळाशी ठेवला होता. ड्युसेलडॉर्फला मावसबहिणीच्या घरी पोचल्यावर आधी तोच बाहेर काढला. ती म्हणाली, "दादा, एवढ्या लांब हा घेऊन आलास?" त्याच्यासाठीच तर आलो होतो.

माझ्याकडे आज तेवीस वस्तरे आहेत, पण हा पहिला. वाईजवळच्या आमच्या गावी दर रविवारी सकाळी तात्या धोकटी घेऊन ओट्यावर येऊन बसत. आजोबांची दाढी, मग काकांची, मग आम्हा पोरांची डोकी. मोबदला सुगीच्या वेळी धान्यात, जुन्या बलुत्याच्या हिशोबाने. काम सुरू करण्याआधी तात्या वस्तरा तळहातावर परजत. त्याचा चट्-चट् आवाज मला अजून ऐकू येतो. महिन्यातून एकदा ते धार लावायचा दगड ओट्याच्या दगडी पायरीवर पाणी टाकून घासत बसायचे. दगडावरच दगड का घासतात, हे कोडं तेव्हा सुटलं नव्हतं. पुढे प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं ब्लेड लावायची पद्धत आली, तेव्हा त्यांनी हा वस्तरा मला दिला. "कपाटात ठेवू नकोस, वापर," एवढंच म्हणाले.

पात्याच्या मानेवर ठसा आहे. बराचसा झिजलाय, पण 'सोलिंगेन' आणि 'जर्मनी' हे दोन शब्द भिंगातून नीट वाचता येतात. सोलिंगेन म्हणजे ड्युसेलडॉर्फजवळचं, सुऱ्या-वस्तऱ्यांसाठी नावाजलेलं गाव. तिकडे उच्चार 'झोलिंगेन' असा करतात.

ड्युसेलडॉर्फहून लोकलने फोविंकेलला उतरलो आणि तिथून ६८३ नंबरची ट्रॉलीबस धरली. डोक्यावर दोन तारा, त्यांना टेकलेले दोन दांडे, आणि बस आवाज न करता चढ चढते. सोलिंगेनमध्ये या बसगाड्या १९५२ पासून आहेत. पहिला मुक्काम ग्रेफ्राट. काळ्या पाटीच्या दगडाने मढवलेल्या भिंती, पांढऱ्या चौकटी, हिरव्या झडपा, अशी सगळी घरं. वरच्या अंगाला जुना मठ आहे आणि त्यात पात्यांचं संग्रहालय. तलवारींच्या दालनात बराच वेळ रेंगाळलो, कारण आपल्याकडे जिला 'फिरंग' म्हणत त्या सरळ तलवारीची पाती युरोपातून यायची आणि त्यांत सोलिंगेनची पातीही असत. म्हणजे या गावाचं पोलाद आपल्या मातीत तात्यांच्या कितीतरी आधी येऊन गेलेलं.

मानेवरच्या त्या 'जर्मनी' शब्दामागे मोठं भांडण आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातलं शेफील्ड हे सुऱ्या-वस्तऱ्यांचं मोठं नाव. जर्मनीतला स्वस्त माल शेफील्डच्या नावाचा ठसा मारून विकला जातो, अशी तिथल्या कारागिरांची तक्रार होती. त्यातून १८८७ साली ब्रिटनमध्ये व्यापारी खुणांचा कायदा आला आणि परदेशी मालावर मूळ देशाचं नाव घालणं भाग पडलं. हिंदुस्थानातही १८८९ मध्ये तसाच कायदा झाला. हलका माल ओळखू यावा म्हणून लावलेल्या त्या शब्दाचीच पुढे पत वाढली. नंतर तर सोलिंगेनच्याच नावाची नक्कल होऊ लागली आणि १९३८ मध्ये त्या नावाला कायद्याने संरक्षण मिळालं. पातं तयार होण्याचे महत्त्वाचे टप्पे सोलिंगेनच्या हद्दीत झाले असतील, तरच ते नाव घालता येतं.

दुपारी वुपर नदीकाठच्या विपरकोटेनला गेलो. 'कोटेन' म्हणजे पाण्याच्या चाकावर चालणारी धारवाल्यांची कामाची जागा. पूर्वी या नदीवर आणि तिच्या ओढ्यांवर असे कितीतरी कोटेन होते. लोहार पातं ठोकून द्यायचा, दुसरा त्याला पाणी द्यायचा, म्हणजे तापवून-विझवून कडक करायचा, तिसरा घासायचा, चौथा मूठ बसवायचा, आणि एकाकडून दुसऱ्याकडे माल पोचवायच्या बायका. डोक्यावर पात्यांनी भरलेली पाटी घेऊन त्या चढउतारांच्या वाटा तुडवायच्या. हे ऐकलं आणि बाजाराच्या दिवशी घाट उतरून येणाऱ्या आमच्याकडच्या बायका आठवल्या. धारवाल्यांचे हालही कमी नव्हते. दगडाची धूळ छातीत बसायची आणि ऐन उमेदीत दम लागायचा.

खोलवा म्हणजे काय, ते तिथे पहिल्यांदा नीट उमगलं. चांगल्या वस्तऱ्याचं पातं दोन्ही बाजूंनी आत खोल घासलेलं असतं, त्यामुळे पाठ जाड राहते आणि धारेकडचा भाग पापुद्र्यासारखा पातळ होतो. हा खोलवा पातं ज्या गोल दगडावर धरतात त्याच्या आकारावर ठरतो. दगड जितका लहान, तितका खोलवा जास्त. पूर्ण खोलव्याचं पातं दाढी करताना बारीक आवाज करतं, आणि एकेक केस कापला जाताना तो आवाज गालातून कानापर्यंत येतो. घासताना पातं तापू देऊन मात्र चालत नाही. एकदा मी एक लखलखीत जुना वस्तरा हौसेने विकत घेतला होता. विकणाऱ्याने तो यंत्रावर चमकवताना इतका तापवला होता की त्याचं पाणीच उतरलं. कितीही घासा, धार दोन दिवस टिकत नाही. तो अजून डब्यात आहे. टाकवत नाही.

तिथे एक वयस्कर कारागीर होते. बहीण दुभाषी झाली. मी मोज्यातून तात्यांचा वस्तरा काढून त्यांच्या हातात दिला. ठशाकडे त्यांनी पाहिलंच नाही. खिडकीपाशी गेले, पातं उजेडात आडवं धरलं आणि पाठीवरून अंगठा फिरवला. मग उलटं करून दुसऱ्या बाजूने. नव्या पात्याच्या तुलनेत ते रुंदीला जवळजवळ एक तृतीयांश कमी झालंय. धार लावताना वस्तरा दगडावर पूर्ण आडवा ठेवतात. पाठ आणि धार दोन्ही टेकतात आणि पाठीच्या आधाराने कोन सांभाळला जातो. म्हणून वर्षानुवर्षांच्या वापरात धारेबरोबर पाठही झिजते. हात जरा तिरका पडत असेल, तर एका टोकाला झीज जास्त दिसते आणि धारेची रेघ वाकडी होते. या पात्याच्या पाठीवरचा झिजेचा पट्टा दोन्ही अंगांना, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच रुंदीचा आहे.

ते बहिणीशी बराच वेळ बोलले. ती मला म्हणाली, "दादा, ते विचारतायत, हा कोण वापरायचं? म्हणतायत की असा हात त्यांनी फार कमी पाहिलाय."

मी तात्यांबद्दल सांगितलं. ठशावरची अक्षरं त्यांना वाचता येत नव्हती, हेही सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न केला, "त्यांचा दगड सपाट राहायचा कसा?" सतत वापरून धारेचा दगड मधे खोल जातो आणि मग पाठ अशी सारखी झिजत नाही, असं त्यांचं म्हणणं. दगड अधूनमधून सपाट करून घ्यावाच लागतो.

तेव्हा मला ओट्याची पायरी आठवली.

वस्तऱ्याला धार लावून देऊ का, असं त्यांनी विचारलं. मी नको म्हणालो. त्यांनी तेलाचं बोट फिरवून, मऊ फडक्याने पुसून तो परत दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बहिणीच्या घरी त्याच वस्तऱ्याने दाढी केली. चामड्याच्या पट्ट्यावर पन्नासेक वेळा परजला; पाठ पुढे, धार मागे. फेस दाट केला, पातं गालाशी साधारण तीस अंशात धरलं आणि केसांच्या दिशेने, जोर न लावता खाली आणलं. शेवटी गार पाणी आणि तुरटीचा खडा. पातं इतकं अरुंद झालंय की नाकाखाली ते नव्या वस्तऱ्यापेक्षा सोपं जातं.

मग घरी आईला फोन लावला. ओट्याची ती तिसरी पायरी अजून तशीच आहे का, म्हटलं.

"आहे की," ती म्हणाली. "मधे खोलगट झालीय ना, पावसात पाणी साठतं. तुझे बाबा केव्हाचे म्हणतायत, सिमेंट भरून घेऊ."

म्हटलं, मी येईपर्यंत भरू देऊ नकोस.