स्वतःच बॉस असलो की सुट्टी कोणाकडे मागायची? (माझा अनुभव)

नोकरी सोडून घरून भाषांतराचं काम सुरू केलं त्याला आता सात वर्षं झाली. त्यातली पहिली दोन वर्षं मी एकही अख्खा दिवस सुट्टी घेतली नव्हती, आणि हे मला तेव्हा माहीतसुद्धा नव्हतं. वर्षाचा हिशोब लावताना पाठवलेले मेल चाळत बसले होते तेव्हा लक्षात आलं की प्रत्येक रविवारी काही ना काही डिलिव्हर केलेलं आहे, सणाच्या दिवशी केलंय, ताप आलेला त्या आठवड्यातही केलंय. नोकरीत असताना मी सुट्ट्या मोजून घ्यायचे, एक कापली गेली तर भांडायचे. इथे भांडायला समोर कोणी नव्हतंच ना.

पण मी बदलले ते हा हिशोब बघून नाही, एका वाक्यामुळे. एका मशीनच्या मॅन्युअलचं काम होतं, सलग चौदावा दिवस, रात्रीचे अकरा वाजून गेलेले. मूळ मजकुरात सूचना होती की मशीन बंद केल्याशिवाय झाकण उघडू नये. माझ्या फाइलमध्ये ते झालं होतं, ‘मशीन बंद केल्याशिवाय झाकण उघडावे’. ‘उघडू नये’ मधला ‘नये’ गळून ‘उघडावे’ राहिलं आणि अर्थ थेट उलटा झाला, कोणाचा तरी हात जाऊ शकला असता. मी ती फाइल तीनदा वाचली होती, तीनदा! तिन्ही वेळा डोळ्यांनी तिथे नसलेला ‘नये’ वाचला. क्लायंटकडच्या तपासणाऱ्या बाईंनी तो पकडला आणि शांतपणे कळवलं, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही आणि पहिल्यांदा स्पष्ट दिसलं की न थांबता काम करणं म्हणजे कष्टाळूपणा नाही, ज्याच्यासाठी काम करतोय त्याचंही त्यात नुकसान आहे.

मग मी शिकायला घेतलं, ब्रेक कसा घ्यायचा ते. ऐकायला विचित्र वाटेल, पण ते खरंच शिकावं लागतं.

सुरुवात केली पोमोडोरोने. फ्रान्सेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन माणसाने १९८० च्या दशकाच्या शेवटी, विद्यार्थी असताना, टोमॅटोच्या आकाराच्या किचन टायमरवर अभ्यास करता करता ही पद्धत बसवली, म्हणून तिचं नाव पोमोडोरो, म्हणजे इटालियनमध्ये टोमॅटो. २५ मिनिटं काम, ५ मिनिटं ब्रेक, असे चार फेरे झाले की मोठा ब्रेक. बिलं, मेल, फाइलींची आवराआवर असल्या कामाला हे मस्त चालतं आणि मी अजूनही वापरते. पण भाषांतराला नाही चाललं. एखादा अवघड परिच्छेद डोक्यात मांडून घ्यायलाच मला दहा-पंधरा मिनिटं लागतात, कुठे हाताला लागतंय तोवर टायमर ओरडतो. दोन आठवडे हट्टाने केलं, चिडचिड झाली, मग ५० मिनिटं काम आणि १० मिनिटं ब्रेक यावर आले, आणि तेही टायमर वाजला की लगेच नाही तर हातातला परिच्छेद संपवून उठायचं. आकडा कुठला का असेना, तुमच्या कामाचा दम केवढा आहे ते बघून तो ठरवा, दुसऱ्याचा आकडा जसाच्या तसा घेऊ नका.

आता ब्रेकमध्ये करायचं काय, इथे मी सगळ्यात जास्त दिवस चुकले. टायमर वाजला की मोबाइल हातात. दहा मिनिटं मेसेज, बातम्या, कोणाचं तरी काहीतरी, आणि परत स्क्रीनवर. नावाला ब्रेक पण डोळे तिथेच, मान तशीच वाकलेली, डोक्यात परत शब्दच शब्द, आणि त्यात एखाद्या क्लायंटचा मेसेज दिसला की संपलंच. संध्याकाळी मला वाटायचं एवढे ब्रेक घेतले तरी थकवा का जात नाही. माझं कामच शब्दांचं आहे हे ध्यानात यायला मला जवळजवळ वर्ष लागलं. मला ब्रेक हवा तो शब्दांपासून. म्हणजे वाचायचं नाही, कोणाचं बोलणं ऐकायचं नाही, मोबाइल दुसऱ्या खोलीत. उठायचं, खिडकीपाशी जायचं, झाडांना पाणी घालायचं, कपड्यांच्या घड्या करायच्या. माझी एक मैत्रीण घरून शिवणकाम करते, तिचं नेमकं उलटं आहे, ती ब्रेकमध्ये पाठ टेकून गोष्ट वाचते कारण तिचे हात, खांदे आणि कंबर थकलेली असते, डोक्याला उलट खाद्य हवं असतं. त्यामुळे ‘चांगला ब्रेक’ असा एकच काही नसतो, दिवसभर जो अवयव राबतो त्याला सोडवायचं.

डोळ्यांसाठी मात्र एक नियम सगळ्याच स्क्रीनवाल्यांना लागू आहे आणि तो मी मनापासून सांगते, २०-२०-२० चा. दर २० मिनिटांनी, २० फूट लांबच्या कशाकडे तरी, २० सेकंद बघायचं. स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या कमी मिटतो, त्याने डोळे कोरडे पडतात आणि चुरचुरतात, आणि जवळ बघून बघून फोकस करणारे स्नायू आखडतात. यासाठी काम थांबवायलाही लागत नाही, नुसती मान वर करायची. माझी खुर्ची मी त्यासाठीच फिरवून घेतली, आधी समोर भिंत होती आता बाजूला खिडकी आहे.

अजून एक छोटी सवय फार उपयोगी पडली. ब्रेकला उठताना पुढच्या वाक्याचे पहिले दोन-तीन शब्द टाइप करून ठेवायचे, किंवा कागदावर लिहायचं ‘पुढे: हा शब्द ग्लॉसरीत बघ’ (ग्लॉसरी म्हणजे त्या कामासाठी ठरवलेल्या शब्दांची यादी). परत आल्यावर कुठून सुरू करू असं होत नाही. मला ब्रेकची भीती वाटायची ती याचीच होती, की उठले तर परत लय लागणार नाही. ती लय आता कागदावर बसून माझी वाट बघते.

हे सगळं झालं दिवसातल्या ब्रेकचं. आठवड्याची सुट्टी त्याहून अवघड गेली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९२१ मध्येच करार केला होता की उद्योगधंद्यातल्या कामगारांना दर सात दिवसांत सलग २४ तास विश्रांती मिळाली पाहिजे. हे वाचलं तेव्हा मी खरंच हलले, माणसांनी शंभर वर्षांपूर्वी झगडून मिळवलेली गोष्ट मी स्वतःच स्वतःला देत नव्हते. त्यातला ‘सलग’ हा शब्द महत्त्वाचा आहे बरं का. सकाळी एक तास काम आणि मग मोकळा दिवस, हे मी खूप दिवस करून बघितलं, तो एक तास अख्ख्या दिवसाला चिकटून राहतो. आता शनिवारी रात्री नऊला लॅपटॉप कपाटात ठेवते आणि रविवारी रात्री नऊपर्यंत काढत नाही. कपाटात म्हणजे खरंच कपाटात, टेबलावर दिसला की हात जातोच.

क्लायंट गेले का? एक गेला, खोटं कशाला सांगू. त्याला रविवारीच माणूस हवा होता. दोनतीन महिने ती तूट जाणवली. बाकीच्यांनी एका ओळीत ‘ओके’ लिहिलं, आणि ज्याची मला दोन वर्षं धास्ती होती ते तिथेच संपलं.

पण धास्तीचं खरं मूळ पैशात होतं, तेव्हा त्याबद्दल जरा नीट लिहिते. नोकरीत सुट्टीचेही पैसे मिळतात. स्वतःच्या कामात सुट्टी म्हणजे त्या दिवशी शून्य, आणि म्हणून प्रत्येक सुट्टी महाग वाटते, कुठेही न जाता घरी पडून राहिलो तरी. मी एक दिवस कागद घेऊन बसले. ३६५ दिवस. त्यातून ५२ साप्ताहिक सुट्ट्या गेल्या, राहिले ३१३. सण आणि रजा मिळून २० दिवस धरले आणि आजारपणाचे ८, राहिले २८५. या २८५ मधलाही साधारण पाचवा हिस्सा कोटेशन, इनव्हॉइस, मेल, पैशांचा पाठपुरावा यात जातो ज्याचे पैसे कोणी देत नाही. म्हणजे ज्यांचं बिल लागतं असे दिवस उरतात २२८. आणि मी इतकी वर्षं माझा दर काढताना महिन्याचा खर्च ३० ने भागत होते! दर तिथेच चुकलेला होता आणि ती चूक मी सुट्ट्या खाऊन भरून काढत होते. वर्षाचा खर्च २२८ ने भागून नवा दर काढला, नव्या क्लायंटना तो सांगितला, जुन्यांना हळूहळू वर आणलं.

आणि एक वेगळं खातं उघडलं. रजेचे आणि आजारपणाचे मिळून २८ दिवस, त्यांचा पगार आपणच आपल्याला द्यायचा तर प्रत्येक पेमेंटमधून साधारण नऊ टक्के बाजूला पडायला हवेत, मी दहा धरते. पेमेंट आलं की त्याच दिवशी दहा टक्के तिकडे. सुट्टी घेतली की त्या खात्यातून त्या दिवसाचे पैसे घरखर्चाच्या खात्यात टाकते. आकडा तोच, खिसाही तोच, पण मनावर याचा किती परिणाम होतो हे करून बघितल्याशिवाय कळणार नाही. पहिल्यांदा जेव्हा तापात दोन दिवस झोपून राहिले आणि त्या दोन दिवसांचे पैसे ‘मिळाले’ तेव्हा डोळ्यात पाणी आलं.

आता स्वतःला द्यायच्या बक्षिसाचं. सुरुवातीला मी ब्रेक आणि बक्षीस एकच समजत होते, म्हणजे एवढी पानं झाली तर उठेन. ज्या दिवशी काम रेंगाळायचं त्या दिवशी शिक्षा म्हणून ब्रेक कापायचे, त्यामुळे दुसरा दिवस आणखी वाईट जायचा. ब्रेक कमवायचा नसतो हो. तो झोपेसारखा आहे, दिवस चांगला जावो नाहीतर वाईट, तो मिळायलाच हवा. बक्षीस वेगळं, ते कामाचं कौतुक आहे, आणि आपल्या कामात ते करायला दुसरं कोणी नसतं. ऑफिसात निदान कोणीतरी ‘छान झालं’ म्हणतं, इथे फाइल जाते आणि उत्तर येतं ‘रिसीव्ह्ड’.

बक्षिसातही बऱ्याच चुका केल्या. पहिली म्हणजे ते पेमेंटला बांधलं. पैसे आले की स्वतःला काहीतरी द्यायचं. पैसे यायचे दीड-दोन महिन्यांनी, तोवर ते काम आठवतही नसायचं, आनंद कशाचा करायचा. आता इनव्हॉइस पाठवलं त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, कारण माझा भाग तिथे पूर्ण होतो, पैसे कधी येणार ते माझ्या हातात नाही. दुसरी चूक म्हणजे वस्तू घेणं, एकदा मोठं काम संपल्यावर हप्त्यावर काहीतरी घेतलं आणि पुढचे सहा महिने त्या हप्त्यासाठी जास्तीची कामं घेतली. तेव्हापासून ज्या बक्षिसासाठी पुन्हा राबावं लागेल ते घ्यायचं नाही. बहुतेक वेळा माझं बक्षीस वेळेचंच असतं, एक अख्खी दुपार चित्रं काढायला, दुपारची गाढ झोप, ज्या रस्त्याने कधी गेले नाही त्या रस्त्याने तासभर चालणं.

आणि सगळ्यात मोठी चूक, कबूल केलेलं न देणं. ‘हे संपलं की गुरुवारी अर्धा दिवस सुट्टी’ असं ठरवायचं आणि बुधवारी कोणी अर्जंट म्हटलं की गुरुवार देऊन टाकायचा. असं चार-पाचदा झालं आणि मग माझाच माझ्यावरचा विश्वास उडाला, ठरवलं तरी उत्साह वाटेना. लहान मुलाला सारखं ‘मग देईन, मग देईन’ म्हटलं की ते मागायचंच बंद होतं ना, तसं. तो विश्वास परत यायला वेळ लागला. मी बक्षिसं अगदी छोटी केली, अर्ध्या तासाची, पण एकही चुकवली नाही, आणि ती डायरीत क्लायंटच्या डेडलाइनसारखीच पेनने लिहायला लागले.

एक गोष्ट मात्र जपून करा. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या संशोधकांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला होता, ज्यांना मुळातच स्केचपेनने चित्रं काढायला आवडायची अशी मुलं. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सर्टिफिकेट मिळेल. नंतर मोकळ्या वेळात हीच मुलं कमी चित्रं काढायला लागली. ज्यांना आधी न सांगता अचानक बक्षीस मिळालं त्यांचं तसं झालं नाही. हे मला फार पटलं, कारण कवितांचं भाषांतर मी आवडीने करते आणि मध्यंतरी त्यालाही ‘चार कविता झाल्या की अमुक’ असं लावलं होतं, तर कविता संपवायच्या मागे लागले, त्यात रमणंच गेलं. ते बंद केलं. आधी ठरवलेलं बक्षीस फक्त कंटाळवाण्या कामाला, टॅक्सचे कागद, थकलेल्या पैशांचे फोन, शंभर पानी करारनामे. आवडत्या कामाला द्यायचंच तर झाल्यावर, सहज.

पहिली सलग आठवडाभराची रजा मी चौथ्या वर्षी घेतली. क्लायंटना पंधरा दिवस आधी कळवलं, ऑटो-रिप्लाय लावला, आणि तरी पहिले दोन दिवस दर तासाला मेल बघावासा वाटत होता. तिसऱ्या दिवशी दुपारी मी बराच वेळ पायरीवर बसून मुंग्यांची रांग बघत होते, किती वेळ ते माहीत नाही, आणि घड्याळ बघायची इच्छाही झाली नाही. परत आल्यावर जी पहिली फाइल उघडली त्यातली एक चूक पहिल्याच वाचनात दिसली.

या वर्षीच्या २८ पैकी १७ दिवस वापरून झालेत. उरलेल्या ११ पैकी ६ पुढच्या महिन्यात लावलेत, क्लायंटना मेल गेलेत, आणि त्यातल्या पहिल्या दिवशी काय करायचं ते मी मुद्दाम ठरवलेलं नाहीये.