एकास दहा

रविवार, रात्री

रिमोटवर चालणाऱ्या माझ्या एकास दहा मापाच्या ट्रकची चासी आज चाकांवर उभी राहिली. पुढे अ‍ॅक्सल धरून ठेवणाऱ्या तीन लिंक आणि त्याला आडवं सरकू न देणारा एक पॅनहार्ड दांडा, मागे चार लिंक, मधोमध गिअरबॉक्स आणि त्याला ५५ टर्नची, म्हणजे तारेच्या ५५ वळशांची, ब्रशवाली मोटर. बॉडी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नुसतीच पडून आहे. बॉडीशिवायचा ट्रक म्हणजे अर्धवट काम, असं घरच्यांना वाटतं. मला तो याच अवस्थेत सगळ्यात जास्त आवडतो. काय कशाला ओढतंय, काय कशाला अडवतंय, सगळं उघड दिसतं.

दुपार सगळी स्टिअरिंगमध्ये गेली. सर्वो, म्हणजे चाकं वळवणारी छोटी मोटर, अ‍ॅक्सलवर बसवणं सोपं असतं, चार स्क्रू मारले की झालं. पण मग पुढून पाहिलं की बंपरखाली काळा डबा लोंबताना दिसतो आणि ट्रकचं एकदम खेळणं होऊन जातं. म्हणून सर्वो चासीवर नेला. तिथे नेला की पॅनहार्ड दांडा आलाच, कारण त्याच्याशिवाय सर्वो चाकं वळवण्याऐवजी अख्खा अ‍ॅक्सलच बाजूला ढकलतो. शिवाय हा दांडा आणि सर्वोकडून चाकाकडे जाणारा ओढदांडा, दोन्ही जवळपास सारख्या लांबीचे आणि समांतर हवेत. नाहीतर सस्पेन्शन दबलं की रिमोटला हात न लावता चाकं वळतात. दांड्याची लांबी आटे फिरवून जुळवायची. एम ४च्या, म्हणजे ४ मिलिमीटर जाडीच्या, आट्याचा एक फेरा म्हणजे ०.७ मिलिमीटर. एक फेरा आत, अर्धा बाहेर, चासी हाताने दाबायची, चाकाकडे बघायचं, पुन्हा पाना उचलायचा. असल्या कामात माझा वेळ कुठे जातो ते मला खरंच कळत नाही.

लॉकटाइट, म्हणजे स्क्रू ढिले होऊ न देणारा डिंक, फक्त धातूत धातू जातो तिथे. प्लॅस्टिकमध्ये ते नकोच, काही प्लॅस्टिकं त्याने तडकतात.

मंगळवार

टायरवरून मित्राशी पुन्हा वाद. तो चढणारे ट्रक बनवतो, मी खऱ्यासारखे दिसणारे. निदान तो तरी असं म्हणतो.

माझं म्हणणं साधं आहे. या छंदात सगळ्यात जास्त चालते ती १.९ इंची रिम. ट्रक एकास दहा, म्हणजे खऱ्या गाडीवर ती १९ इंचाची झाली. मी बनवतेय तसल्या जुन्या चौकोनी पिकअपला १५ किंवा १६ इंची रिम असायची. त्याच्या जवळ जाते ती १.५५ची. टायरचं तर विचारूच नका. १२० मिलिमीटर व्यासाचे टायर सर्रास चढवतात. खऱ्या गाडीला ते १.२ मीटरचे होतील, माझ्या कमरेच्याही वर. माझे ९६ मिलिमीटरचे आहेत.

"मग बस डिफ दगडावर टेकवून," मित्र म्हणाला.

त्याचंही खोटं नाही. व्यास २४ मिलिमीटरने कमी केला की डिफचा, म्हणजे अ‍ॅक्सलच्या मधल्या गिअरांचा, गोळा १२ मिलिमीटर खाली येतो, आणि एवढ्याशा ट्रकला १२ मिलिमीटर म्हणजे पार होणारा दगड आणि अडवणारा दगड यांतला फरक. यावर पोर्टल अ‍ॅक्सल हा उतारा आहे. चाकाजवळ आणखी दोन गिअर, त्यामुळे अ‍ॅक्सलची नळी चाकाच्या मध्यापेक्षा वर उचलली जाते. वेग कमी करण्याचं थोडं काम चाकाजवळच होत असल्यामुळे मधल्या शाफ्टवर पीळ कमी पडतो, आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर ट्रक एका बाजूला झुकतो तेही कमी होतं. ट्रॅक्सस कंपनीने २०१७ साली आपल्या टीआरएक्स-४ या ट्रकला पोर्टल आणि रिमोटवरून लॉक होणारे डिफ दिले, तेव्हापासून दिसणारे आणि चढणारे या भांडणाची धार बरीच बोथट झाली. पण चाळीस वर्षं जुन्या पिकअपला पोर्टल? ते काही मला जमायचं नाही.

खरं तर आम्ही दोघं दोन वेगळ्या घराण्यांतले. दगडावर चढण्याच्या स्पर्धांतले सुरुवातीचे कितीतरी ट्रक टामियाच्या क्लॉड बस्टरचे अ‍ॅक्सल काढून बनायचे. तो १९८७चा मॉन्स्टर ट्रक, प्रत्येक अ‍ॅक्सलवर स्वतंत्र मोटर, चारही चाकं वळणारी. त्या अ‍ॅक्सलवर उभं राहायचं ते रस्त्यावरच्या कुठल्याच गाडीसारखं दिसायचं नाही, पण चढायचं बेफाम. माझं घराणं त्याच कंपनीच्या १९८१च्या हायलक्सचं. धातूचे पाटे, तीन गिअरचा गिअरबॉक्स, आणि तो बनवताना कुणीतरी खऱ्या गाडीखाली आडवं झोपून बघितलंय हे लगेच कळतं. आजच्या साध्या क्रॉलरसमोरही, म्हणजे दगडावर चढणाऱ्या ट्रकसमोरही, तो दगडावर टिकणार नाही. तरी निवड करायची झाली तर मी तोच घेईन.

बुधवार

पुस्तकांच्या चळतीवरून चासी चालवून बघत होते. आई दारात उभी होती. "एवढ्या हळू जातोय, पोहोचणार कधी गं?"

मला मात्र तो फार घाईत आहे असंच वाटत होतं.

सगळं दहापट लहान केलं तरी गुरुत्वाकर्षण लहान होत नाही, ही या छंदातली खरी अडचण आहे. खरा ट्रक दीड मीटर उंचीवरून पडला तर जमिनीला लागेपर्यंत साधारण ०.५५ सेकंद जातात. माझा पंधरा सेंटिमीटरवरून पडला तर ०.१७ सेकंद. अंतर दहापट कमी, वेळ मात्र तिपटीहून थोडासाच जास्त कमी. दहाचं वर्गमूळ, ३.१६. विल्यम फ्रूड नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १८७०च्या दशकात जहाजांच्या लहान प्रतिकृती पाण्यात ओढून हाच हिशोब बसवला होता: प्रतिकृतीचा वेग लांबीच्या नाही, लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात ठेवायचा. म्हणजे खरा ट्रक कातळावरून ताशी ३ किलोमीटरने सरपटत असेल, तर माझ्या ट्रकने ताशी १ किलोमीटरच्याही किंचित खाली राहायला हवं. सेकंदाला सव्वीसेक सेंटिमीटर. ५५ टर्नची मोटर घेतली ती यासाठीच. वळसे जास्त तेवढा वेग कमी आणि अगदी हळू चालतानाचा ताबा चांगला. शिवाय पिनियन, म्हणजे मोटरवरचा गिअर, लहान, आणि ड्रॅग ब्रेक पूर्ण, म्हणजे बोट सोडलं की उतारावरही ट्रक जागच्या जागी थांबतो.

लहान प्रतिकृतींचं चित्रण करणारे कॅमेरा जोरात फिरवून नंतर सावकाश दाखवायचे, त्यामागेही हेच वर्गमूळ. एकास दहाला तीनपटीहून थोडं सावकाश. फोनवर १२० फ्रेमने टिपून ३०ने दाखवलं तर चौपट होतं, ते जरा जास्तच जड वाटतं. पण मला फोनवर नाही, समोर, डोळ्यांदेखत तो जड दिसायला हवा आहे.

आईला यातलं काही सांगितलं नाही. "रस्ता खराब आहे," म्हटलं. तिला पटलं.

शुक्रवार

मग स्प्रिंगकडे वळले, आणि तिथे गणिताने सरळ हात वर केले.

खरा ट्रक खड्ड्यातून गेला की सेकंदाला साधारण दीड वेळा डुलतो. तेवढंच सावकाश डुलायचं असेल, तर ट्रकच्या स्वतःच्या वजनाने स्प्रिंग किती दबलेली हवी हे काढता येतं. उत्तर येतं ११ सेंटिमीटर. आणि माझा शॉक अ‍ॅब्सॉर्बर एका टोकाच्या भोकापासून दुसऱ्या टोकाच्या भोकापर्यंत मोजला तर सगळा मिळून ९० मिलिमीटरचा! ट्रक कितीही जड करा, आकडा बदलत नाही, कारण डुलण्याचा वेग वजनावर नाही, दबण्यावर ठरतो. १५ मिलिमीटर दबणारी स्प्रिंग सेकंदाला चारदा थरथरते. एकास दहाचा ट्रक लटपटतो, टुणटुण उडतो, तो यामुळे. त्याला कितीही सुंदर रंग द्या.

मग उरतं तेल. मिळाली त्यातली सगळ्यात मऊ स्प्रिंग घातली आणि शॉकमधलं तेल नेहमीपेक्षा बरंच घट्ट. आता चाक दगडावरून उतरलं की चासी एकदा खाली जाते, सावकाश वर येते आणि तिथेच थांबते. डुलणं खऱ्यासारखं करता येत नाही, तेव्हा ते होऊच दिलं नाही. मित्र म्हणेल, एवढ्या घट्ट तेलाने चाक खड्ड्यात लवकर उतरत नाही, पकड जाते. जाते. पण ताशी एक किलोमीटरला खड्ड्यात उतरायला चाकाकडे भरपूर वेळ असतो.

तेल भरून शॉक उभे ठेवलेत. बुडबुडे निघून जाईपर्यंत झाकणं लावायची नाहीत.

शनिवार

बॉडीला हात लागला. एबीएस प्लॅस्टिकची कडक बॉडी आहे, पातळ पॉलिकार्बोनेटची नाही. पॉलिकार्बोनेटला आतून रंग देतात, त्यामुळे बाहेर काचेसारखी चकाकी राहते. जुन्या ट्रकला चकाकी कशाला? एबीएस घासता येतं, कापता येतं, चिकटवता येतं. किंमत मोजायची ती वजनाने, आणि वजनही नेमकं वरच्या भागात.

तळाला गंजाचा तपकिरी रंग, त्यावर हेअरस्प्रे, त्यावर फिकट निळा. निळा वाळला की ओल्या ब्रशने चोळायचं, हेअरस्प्रे विरघळतो आणि निळ्याचे टवके निघतात. कुठे चोळायचं हे मात्र डोकं लावून. पाणी साचतं तिथे गंज: दाराची खालची कड, चाकाच्या कमानीची आतली बाजू, टपाच्या कडेची पन्हळ. बॉनेटच्या मधोमध गंजाचे डाग काढणाऱ्यांचं मला नवल वाटतं, तिथे पाणी थांबणार कसं?

रंगाचे थर पातळ ठेवले. ०.१ मिलिमीटरचा थर खऱ्या गाडीवर १ मिलिमीटरचा होतो, दारांच्या फटी बुजून जातात. धुळीलाही तोच न्याय. अर्ध्या मिलिमीटरचा वाळूचा कण या ट्रकवर पाच मिलिमीटरची खडी होऊन बसतो, म्हणून खरी धूळ यावर खोटी दिसते आणि दळलेली रंगाची पूड खरी. पाण्याचं तर काहीच करता येत नाही. थेंबाला कुणी लहान हो म्हणून सांगू शकत नाही, त्यामुळे ओढ्यातून बाहेर आलेला प्रत्येक स्केल ट्रक काचेच्या गोट्या अंगावर घेऊन उभा असल्यासारखा दिसतो.

रविवार

बॅटरीसकट तराजूवर ठेवला: २,७०० ग्रॅम. आकारमान घनाच्या हिशोबाने घटतं, त्यामुळे एकास दहाला वजन एक हजारांश. माझ्या ट्रकमागचा खरा ट्रक २.७ टनांचा झाला. सामानाने लादलेला पिकअप म्हणून चालून जाईल.

आता टपावरचा रॅक. त्यावर स्टेपनी, दोन जेरीकॅन, दोरखंड, सगळं धरून १२० ग्रॅम. आधी रॅकशिवाय ट्रक फळीवर आडवा उभा करून फळी एका बाजूने उचलत गेले. सस्पेन्शन झुकू नये म्हणून शॉक बांधून ठेवले होते. ५१ अंशांच्या आसपास वरची चाकं सुटली. बाहेरून बाहेर चाकांचं अंतर २०० मिलिमीटर, म्हणजे गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण ८० मिलिमीटर. रॅक त्याच्यापेक्षा ११० मिलिमीटर वर आहे. तो चढवला की गुरुत्वमध्य पाचेक मिलिमीटर वर सरकतो आणि दीडेक अंश हातचे जातात. थोडं वाटतं. पण हे पितळेने भरून काढायचं म्हटलं तर? पितळेची वजनं लावायची जागा म्हणजे अ‍ॅक्सलची उंची, गुरुत्वमध्याच्या फक्त ३२ मिलिमीटर खाली. १२० ग्रॅम गुणिले ११०, भागिले ३२. चारशेहून जास्त ग्रॅम पितळ! टपावरच्या एका ग्रॅमला खाली साडेतीन ग्रॅम मोजावे लागतात. मोटर, गिअर, अ‍ॅक्सल, सगळ्यांनी ते आयुष्यभर ओढायचं.

तेव्हा पितळ नाही. जेरीकॅन कापून फोमचे बनवले, वर पातळ कागद आणि रंग. स्टेपनीतला आतला फोम आणि रिमचा मागचा अर्धा भाग काढून टाकला, कोण बघतंय मागून? दोरखंड सुती होता तो तसाच ठेवला. रॅक आता ४५ ग्रॅम आहे आणि लांबून तितकाच भरलेला दिसतो.

वाचवलेल्या वजनातून विंच बसवायचं ठरलं. मित्र हसला, "विंच म्हणजे चढणार नाही याची कबुलीच की." असू दे. विंच बंपरमध्ये, चासीच्या दांड्यांच्या उंचीला बसतो, म्हणजे गुरुत्वमध्य जवळपास आहे तिथेच राहतो, आणि वजन पडतं पुढच्या चाकांच्याही पुढे. उभ्या चढावर ट्रक मागे कलंडतो तेव्हा नेमकं तिथेच वजन हवं असतं. आणखी एक गंमत म्हणजे दोर. एक मिलिमीटरचा विणलेला दोर घेतला. दहापट केला तर दहा मिलिमीटर, खऱ्या विंचचा दोरही जवळपास तेवढाच जाड असतो. इथे काहीही फसवावं लागलं नाही.

रेडिओचा तिसरा चॅनल दिव्यांसाठी राखून ठेवला होता, तो विंचला दिला. दिवे आता बॅटरी जोडली की लागतील आणि काढली की विझतील.