आधी ऊन बघू, मग कुंडी देऊ – आमची वाटचाल

२०१४ साली डोंबिवलीत आम्ही घरोघरी बाल्कनीत भाज्या लावून देण्याचा हा व्यवसाय सुरू केला, तेव्हा भांडवल म्हणजे माझ्या नोकरीतून साठलेले थोडे पैसे आणि सासऱ्यांची बाग. बाग म्हणजे सहा बाय तीन फुटांची बाल्कनी. रंगाच्या रिकाम्या बादल्या, हापूसच्या लाकडी पेट्या, तेलाचे १५ किलोचे डबे, जे हाताला लागेल त्यात बाबा मेथी, मिरची, वांगी लावायचे. रसवंतीवरून उसाची चिपाडं आणून तळाला अंथरायची, वर पालापाचोळा, त्यावर शेणखत आणि माती अगदी बेताची. बाबा मूळचे कोल्हापूरचे. श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराचं, म्हणजे शेतीत स्वतः प्रयोग करून शिकणाऱ्यांच्या गटाचं, काम त्यांनी तिथे जवळून पाहिलं होतं, ही रीत तिकडचीच. येणारा-जाणारा ती बाल्कनी बघून म्हणायचा, "आम्हालाही असं लावून द्या." दहाएक घरांत फुकट लावून दिल्यावर यजमान म्हणाले, हे आता नीट, हिशोब ठेवून करू या.

पहिली दोन वर्षं कुंडीत भरायच्या मालाचं मिश्रण आम्ही इमारतीच्या पार्किंगमध्येच करायचो. धूळ उडायची, सोसायटीचं पत्र आलं आणि ते रास्तच होतं. मग गावाबाहेर पत्र्याची एक शेड भाड्याने घेतली. आज तिथे आम्ही दोघं धरून सात जण आहोत.

सुरुवातीला लोकांना कुंडीत 'खरी माती' हवी असायची. त्यांना मी वजन सांगायचे. एक फूट लांब, रुंद आणि खोल डब्यात २८ लिटर माल बसतो. नुसती माती भरली तर पाणी घातल्यावर तो डबा ४५ किलोच्या वर जातो. अशा वीस कुंड्या कठड्याला लागून ठेवल्या तर बाल्कनीवर किती भार पडतो, याचा विचार घेणाऱ्याने नाही केला तरी विकणाऱ्याने करायलाच हवा. म्हणून आमच्या मिश्रणात माती जेमतेम पाचवा हिस्सा. बाकी कोकोपीट म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा, गांडूळखत, मुरबाडकडच्या भातगिरणीतलं तूस आणि दोन मुठी निंबोळी पेंड. तोच डबा निम्म्या वजनात होतो. प्रत्येक कुंडी विटांवर, खाली ताटली. खालच्या घरात ओल गेली की बाग पहिल्यांदा बंद होते, हे आम्ही फार ठिकाणी पाहिलंय.

२०१८ ची दिवाळी मात्र मी विसरणार नाही. दसऱ्याला आम्ही ४२ घरांत पालेभाजीच्या पेट्या लावून दिल्या होत्या. आठ दिवसांत फोन सुरू झाले. मेथी उगवून दोन पानांवर अडकली होती, पानांच्या कडा करपल्या होत्या. आधी वाटलं पाणी जास्त होतंय, मग वाटलं ऊन लागतंय. एका काकूंच्या पेटीतलं मिश्रण मी चिमूटभर हातावर घेतलं. वास चांगला, ओल बरोबर, रोग काही दिसेना. त्यांच्या ओट्यावर पाण्यात विरघळलेले क्षार तपासायचा टीडीएस मीटर होता. सहज म्हणून पेटीच्या ताटलीत झिरपलेल्या पाण्यात तो बुडवला, आणि नळाच्या पाण्याच्या कित्येक पट आकडा आला. मीठ होतं.

नारळाची सोडणं काही ठिकाणी मचूळ पाण्यात भिजवतात, शिवाय सोडणात मुळातच क्षार असतात. ते न धुता भुसा दाबून विटा केल्या की मीठ आपल्या कुंडीत येतं. पुरवठादार "धुऊनच पाठवलंय" म्हणत राहिला. पण माल आमच्या नावाने घरात गेला होता. आम्ही ४२ च्या ४२ पेट्या रिकाम्या केल्या, नव्याने भरल्या, बी पुन्हा पेरलं. त्या हंगामाची कमाई त्यात गेली. यजमानांनी एका शब्दाने बोलून दाखवलं नाही, याचं मोल मला आहे.

तेव्हापासून शेडमध्ये एक नियम आहे. आलेल्या प्रत्येक लॉटमधली एक वीट आधी भिजवायची, निथळलेलं पाणी मीटरने बघायचं. मग सगळा माल साध्या पाण्याने धुवायचा, एक रात्र कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात ठेवायचा आणि परत धुवायचा. नुसत्या पाण्याने कोकोपीटला चिकटलेला सोडियम पुरता सुटत नाही, कॅल्शियम त्याची जागा घेतं तेव्हा तो सुटतो. यात दोन दिवस जास्त जातात, आमची पिशवी बाजारापेक्षा थोडी महाग पडते. चालेल.

दुसरी शिकवण उन्हाची. आता आम्ही घर बघितल्याशिवाय कुंडी देत नाही. दक्षिणेच्या बाल्कनीत दिवाळी ते होळी ऊन आतपर्यंत येतं आणि लोक खूश असतात. पण आपल्याकडे मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, आणि मधले सव्वादोन महिने दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. तीच बाल्कनी तेव्हा सावलीत जाते, आणि माणूस म्हणतो, "रोपाला काय झालं कळत नाही." पूर्वेला सकाळचं ऊन असतं, तिथे पालक, मेथी, कोथिंबीर. पश्चिमेला मिरची, वांगी, वेल. उत्तरेला फळभाजी द्यायची नाही. तिथे आळू, पुदिना आणि विड्याची वेल. नागवेलीला सावली मानवते, आणि सत्यनारायणाला घरची पानं काढताना लोकांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

जुलै २०२३ मध्ये टोमॅटो शंभरीच्या वर गेला तेव्हा फोन थांबत नव्हते. "टोमॅटो लावून द्या." आम्ही प्रत्येकाला सांगितलं, रोप लावल्यापासून फळ पिकायला दोन-अडीच महिने लागतात, आणि आपल्या पावसात टोमॅटोवर करपा रोग ठरलेला. गणपतीनंतर या. बरेच जण आले नाहीत. जे आले त्यांनी नाताळात टोमॅटो खाल्ले. जुलै-ऑगस्टमध्ये आम्ही पालेभाजीची पेटीही विकत नाही, भेंडी आणि आळूवर भागवतो. ते दोन महिने हाताला पैसा कमी असतो, तेव्हा ओल्या कचऱ्याचं खत कसं करायचं ते सोसायट्यांमध्ये शिकवतो.

सातव्या मजल्यावर एक आजी आहेत. त्यांच्या पश्चिमेच्या बाल्कनीत अर्ध्या ड्रममध्ये दुधी लावून दिला. फुलं आली पण बारकी दुधी पिवळी पडून गळायची. मी संध्याकाळी मुद्दाम गेले, कारण दुधीचं पांढरं फूल दिवेलागणीला उमलतं. पराग नेणारे रात्रीचे पतंग-किडे इतक्या उंचावर येत नाहीत. नराचं फूल तोडून पाकळ्या मागे दुमडल्या आणि परागाचा दांडा मादीच्या फुलात हलकेच टेकवला. मादीच्या फुलामागे इवली लवदार दुधी असते, त्यावरून ती ओळखायची. आजी म्हणाल्या, "थांब गं, बॅटरी धरते." चार दिवसांनी त्यांनी फोटो पाठवला, दुधी करंगळीची अंगठ्याएवढी झाली होती.

आता रोज संध्याकाळचं पूजन झालं की त्या बॅटरी घेऊन बाल्कनीत जातात. गेल्या हंगामात अकरा दुधी निघाले. त्यातला पहिला शेडवर आला, सात जणांनी त्याची भाजी खाल्ली.